जुना लेथ घेताना बीड बघा, रंग नको

लाकूडकामाचा जुना लेथ बघायला गेलेला माणूस दुकानात पोचताच म्हणतो, "जरा चालू करून दाखवा की." विक्रेता बटण दाबतो, मोटार घुमते, स्पिंडल फिरायला लागतं आणि घेणाऱ्याचा चेहरा खुलतो. माझं सांगणं असं, की ते बटण सगळ्यात शेवटी दाबायचं. आधी मोटार बंद, पट्टा खाली, आणि नजर बिडावर. ज्या ओतीव लोखंडातून बेड, हेडस्टॉक आणि टेलस्टॉक तयार झालेत, ते शाबूत आहे का, एवढा एकच प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात विचारायचा.

मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. नोकरीभर पोरांना लोखंड कातायला शिकवलं आणि निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये लाकूड कातायला लागलो. कोल्हापुरात राहतो, त्यामुळे जुन्या मशिनांचा बाजार हाताशी आहे. ओळखीचे लोक लेथ बघायला जाताना मला बरोबर नेतात. बँकेतून निवृत्त झालेले असतात, एखादे डॉक्टर असतात, शेती सांभाळून हौस करणारे असतात, आणि अलीकडे वास्तुशास्त्र शिकलेल्या दोन-तीन तरुण मुलीही येऊन गेल्या. प्रत्येकाला काय करायचं असतं? वाडगे, लाटणी, रवी, भोवरे, दिव्याचा खांब, देव्हाऱ्याच्या नक्षीदार दांड्या. या कामाला जुना लेथ नव्यापेक्षा चांगला पडतो, असं माझं ठाम मत आहे. फक्त तो निवडता यायला हवा.

निवडीचं सूत्र सोपं आहे. लेथच्या भागांची मनातल्या मनात दोन ढिगांत वाटणी करा. मोटार, स्विच, पट्टा, बेअरिंग, पुली, हत्याराचा टेका हे सगळं कुठल्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळपर्यंत नवं मिळतं किंवा करून मिळतं. दुसऱ्या ढिगात बेड, हेडस्टॉकचं बीड, स्पिंडल आणि टेलस्टॉक. यातलं काही बिघडलेलं असेल तर दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीच्या वर जातो, आणि एवढं करून काम मनासारखं होईलच असं नाही. पहिल्या ढिगातले दोष हे भाव पाडायला उपयोगी. दुसऱ्या ढिगातला एकही मोठा दोष दिसला तर पैसे खिशात ठेवून चहा पिऊन परत यायचं.

असे लेथ येतात कुठून? काही फर्निचरवाल्यांकडून येतात. पूर्वी पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, जिन्याचे कठडे कातणारे कातारी गावोगाव होते. त्यांचे लेथ बऱ्याचदा दोन लोखंडी चॅनेलवर बसवलेले, हाताने जुळवलेले असतात. लांब कामाला ते बरे, पण वाडग्यासाठी थरथरतात. काही लेथ शाळांच्या जुन्या कार्यशाळांमधून निघतात. पण माझा जीव ज्यांच्यात अडकलेला आहे ते लेथ फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमधले.

कोल्हापूर हे ओतकामाचं गाव. शिवाजी उद्यमनगरातल्या शेडमध्ये ऑइल इंजिनाचे भाग ओतले जात, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत वाहनांचे भाग ओतले जाऊ लागले. वाळूच्या साच्यात धातू ओतायचा तर आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती हवी. तिला पॅटर्न म्हणतात. बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी पॅटर्नवाल्याची फूटपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचे इंच मुळातच थोडे मोठे आखलेले. पुली, फ्लायव्हील, पाइपचे फ्लँज असे गोल पॅटर्न सागवानातून लेथवर कातले जायचे. एवढी अचूकता मागणाऱ्या माणसांनी वापरलेला लेथ हलका किंवा वाकडा असून चाललंच नसतं. जाड बिडाचा बेड, रुंद पाय, बाहेरच्या बाजूलाही मोठी थाळी लावता येईल असं हेडस्टॉक. आता पॅटर्न संगणकावर आखतात, सीएनसीवर कापतात, रेझिनचे किंवा ॲल्युमिनियमचे करतात. त्यामुळे पॅटर्न शॉपमधले हे लेथ एकेक करून भंगाराच्या गाडीत चढतायत. ज्यांना घरी लाकूड कातायचंय त्यांच्यासाठी ही संधी आहे, आणि ती फार काळ राहणार नाही.

इथे एक खुलासा करायलाच हवा. बरेच विक्रेते लोखंडाचा लेथ दाखवून म्हणतात, "ह्याच्यावर लाकूड बी होतंय की, सर." होतं, हे खरं. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा एंटरप्राइज असो की एचएमटीचा लेथ, ही मशीनं मी जन्मभर प्रेमाने चालवली. तरी घरच्या लाकूडकामासाठी ती घेऊ नका. त्यातल्या अनेकांचा वरचा वेग बारीक लाकडाला पुरत नाही. कॅरेज आणि टूल पोस्ट मध्ये येतात, तर लाकूड कातताना हत्यार हातात धरून टेक्यावर मोकळं फिरवायचं असतं. शिवाय लोखंडाच्या लेथचा बेड तेलात राहतो. लाकडाचा भुसा त्या तेलात मिसळून लगदा होतो, तो सरकत्या भागांत शिरतो आणि घासकाम करतो. ओलं बाभळीचं लाकूड लावलंत तर त्यातलं टॅनिन उघड्या लोखंडावर निळेकाळे डाग पाडतं. चांगल्या मशीनची अशी हेळसांड बघवत नाही.

आकाराबद्दल बोलताना बाजारात लेथ फुटांत सांगतात. साडेचार फुटी, सहा फुटी. हा आकडा बेडच्या पूर्ण लांबीचा. त्यातून हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची जागा वजा केली की दोन सेंटरच्या मधलं अंतर उरतं, आणि तुमच्या कामाचा आकडा तोच. लाटण्याला दीड फूट पुष्कळ. टेबलाचा ३० इंची पाय कातायचा तर मध्ये ३ फूट हवेत. दुसरा आकडा बेडपासून सेंटरच्या उंचीचा. ती ६ इंच असेल तर कागदावर १२ इंचांचं वाडगं बसतं, प्रत्यक्षात टेक्याची बैठक खालून सरकवायची असते म्हणून १० इंच धरा. घरातल्या माणसाला यापेक्षा मोठं वाडगं सहसा लागत नाही. मोठा लेथ घेऊन जागा अडवण्यापेक्षा मध्यम लांबीचा पण वजनदार लेथ घ्या. लाकडाचा तोल नसलेला ओंडका फिरायला लागला की त्याला धरून ठेवतं ते वजनच.

आता तपासणी. मी जाताना पिशवीत टॉर्च, एक फुटी पट्टी, फिलर गेज, व्हर्नियर, थ्रेड गेज, मॅग्नेटिक बेससह डायल, पाव किलोची हातोडी आणि दोन नंबरच्या मोर्स टेपरची दोन टोकदार सेंटरं घेतो. तुमच्याकडे डायल नसली तरी अडत नाही. पण दोन सेंटरं मात्र हवीतच.

पहिली नजर रंगावर. जाड, ताजा, चकचकीत हिरवा रंग मारलेला असेल तर मी जास्त वेळ लावतो, कारण रंगाखाली पुट्टी असते आणि पुट्टीखाली काय असेल ते सांगता येत नाही. गंजलेला, तेलकट, पण मूळ रंगाचा लेथ मला अधिक खरा वाटतो. वरवरचा गंज घासून निघतो. तडा निघत नाही. मडकं घेताना बोटाने वाजवून बघतात, तसं हातोडीने बीड हलकेच वाजवत जा. शाबूत बीड टणकन वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तडे ठरावीक ठिकाणी जातात. हेडस्टॉकच्या पायाची बोल्टची भोकं, टेलस्टॉक आवळण्याच्या दांड्याची जागा, हत्याराच्या टेक्याची बैठक आणि वाहतुकीत आपटलेले पाय. या चार जागी टॉर्च मारून बघा आणि वेल्डिंगची शिवण दिसते का ते पाहा. बीड वेल्ड करणारे चांगले कारागीर आहेत, पण पायाला मारलेलं वेल्ड आणि हेडस्टॉकला मारलेलं वेल्ड यांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिलं चालेल. दुसरं नको.

मग टेलस्टॉक सैल करून बेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. तो सारखाच सरकायला हवा. लोखंडाच्या लेथमध्ये कॅरेज सतत धावून बेड हेडस्टॉकजवळ झिजतो. लाकडाच्या लेथवर कॅरेज नसते, त्यामुळे पन्नास वर्षं जुन्या लेथचाही बेड चांगला सापडू शकतो. जुन्या मशीनला भ्यायचं कारण नाही ते यासाठी.

यानंतरची कसोटी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. एक टोकदार सेंटर हेडस्टॉकमध्ये बसवा, दुसरं टेलस्टॉकमध्ये, टेलस्टॉक जवळ आणून आवळा आणि दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात का बघा. वरून बघा आणि बाजूनेही बघा. मग टेलस्टॉकची नळी पूर्ण बाहेर काढून पुन्हा बघा, कारण जवळ जुळलेली टोकं नळी बाहेर आल्यावर चुकू शकतात. टोकं आडवी चुकत असतील तर बहुतेक वेळा टेलस्टॉक आवळताना एका बाजूला ढकलून किंवा बैठकीत पातळ पत्रा घालून काम भागतं. उंचीत टेलस्टॉक किंचित खाली असेल तरी पत्र्याने उचलता येतो. पण फरक २-३ मिलिमीटरचा असेल तर सावध व्हा. अनेकदा हेडस्टॉक एका मशीनचं आणि टेलस्टॉक दुसऱ्याचं असतं. भंगारात दोन अर्धवट लेथ आले की त्यांचा एक लेथ जुळवला जातो. रंग एकच मारला की बाहेरून कळत नाही. बैठकीच्या खाली टॉर्च मारलात तर ओतकामातले उठावदार आकडे आणि मूळ रंगाचे थर जुळत नाहीत, हे दिसतं. अशा जोडणीच्या लेथवर वाडगी होतील, कारण वाडग्याला टेलस्टॉक लागतोच असं नाही. लाटणी आणि खांब मात्र डोकं फिरवतील.

आता स्पिंडल. पट्टा उतरवलेला आहेच. हाताने गोल फिरवा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडस्टॉकवर, मूठ कानाला लावून ऐका. सलग घरंगळल्याचा आवाज आला तर ठीक. खरखर किंवा टक-टक आली तर बेअरिंग गेलंय. बेअरिंग गेलं म्हणून लेथ नाकारू नका. ६२०५ नंबरचं बेअरिंग, म्हणजे आत २५ आणि बाहेर ५२ मिलिमीटर, मोटारसायकलच्या दुकानापासून हार्डवेअरपर्यंत कुठेही मिळतं. बघायचं ते वेगळंच. बेअरिंगची आतली कडी स्पिंडलवर फिरलीय का? बाहेरची कडी बिडातल्या घरात सैल झालीय का? तसं असेल तर स्पिंडल नवं करावं लागतं किंवा घर बोअर करून बुश ठोकावं लागतं, आणि तो मोठा खर्च. थाळीखाली लाकडी दांडा घालून हलकेच उचला आणि डायलची सुई बघा. ०.०५ मिलिमीटरच्या आत हलली तर लाकडासाठी मी समाधानी असतो. त्याच्या दुप्पट हलली तर बेअरिंगचे पैसे किमतीतून वजा करायला सांगतो. त्याहून जास्त हलत असेल तर विक्रेत्याला बेअरिंग उघडून दाखवायला सांगा. तो तयार नसेल तर पुढचा लेथ बघा.

फार जुन्या पॅटर्न लेथमध्ये बेअरिंगऐवजी गनमेटलचे बुश असतात आणि वर तेलाची वाटी. लोक हे बघून नाक मुरडतात. मला ते आवडतात. तेल वेळेवर घातलं तर बुश शांत चालतो, आणि झिजला तर उद्यमनगरातला कुठलाही टर्नर नवा करून देतो.

स्पिंडलच्या नाकाकडे नीट लक्ष द्या. आतला टेपर बोटाने चाचपा, ओरखडे आणि कडा लागतात का बघा. दोन नंबरच्या मोर्स टेपरचं तोंड १७.७८ मिलिमीटर असतं आणि एक नंबरचं १२.०६. व्हर्नियर लावलं की कळतं. सेंटरवर पेन्सिलने उभ्या रेघा ओढा, टेपरमध्ये घालून थोडं फिरवा आणि बाहेर काढा. रेघा पूर्ण लांबीत सारख्या पुसल्या गेल्या तर टेपर चांगला. थोडा खराब असेल तर हाताच्या रीमरने साफ होतो. बाहेरचा आटा थ्रेड गेजने मोजून लिहून ठेवा. लाकडाचे चारजबडी चक बाजारात सहसा १ इंच ८ आट्यांचे किंवा ३३ मिलिमीटर साडेतीन पिचचे मिळतात. जुन्या देशी लेथचा आटा यांतल्या कशाशीही जुळत नाही, हे नेहमीचंच. एवढ्यासाठी चांगला लेथ सोडू नका. मधला अडॉप्टर कातून घेता येतो. फक्त आट्याच्या मागचा खांदा सपाट आणि डाग नसलेला हवा, कारण चक खरा बसतो तो त्या खांद्यावर. आटा फक्त त्याला धरून ठेवतो.

माझा एक माजी विद्यार्थी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ राहतो. तिथल्या जुन्या लेथबद्दल तो व्हिडिओवर मला विचारत असतो. त्याच्या गावालगतच्या बीस्टनला मायफर्डचे लेथ बनत. त्यांचा एमएल ८ हा घरगुती लाकूडकामासाठीच काढलेला, आणि हॅरिसनचा ग्रॅज्युएट तिकडच्या शाळांमधून भरपूर. ग्रॅज्युएट हा बुटका, पेटीसारख्या जड बिडावर उभा असलेला लेथ. चालू केला तरी हलत नाही. त्याच्या नाकाचा आटा दीड इंचाचा, म्हणजे तिथेही अडॉप्टरचीच गोष्ट. परदेशात असणाऱ्या वाचकांना मी हेच सांगेन की शाळेतून निघालेला ग्रॅज्युएट मिळत असेल तर जागा करा आणि घ्या.

वेगाचं गणित आधी समजून घ्या, म्हणजे पुलीकडे बघताना काय बघायचं ते कळेल. कातणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. लाकडाचा व्यास इंचांत आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवायचा. म्हणजे १० इंची वाडग्याला ६०० ते ९०० फेरे. ओंडका अजून गोल झालेला नसेल तर त्याच्याही खाली. साधी मोटार १४४० फेऱ्यांची असते. तीच थेट जोडली आणि १० इंची लाकूड लावलं तर त्याची कड ताशी ६९ किलोमीटरच्या वेगाने फिरते. त्या वेगाने सुटलेला तुकडा तोंडावर आला तर काय होईल, हे सांगायची गरज नाही. म्हणून वाडग्याची हौस असणाऱ्याने सगळ्यात कमी वेग विचारायचा. तो ५०० च्या आसपास किंवा खाली असावा. तीन किंवा चार टप्प्यांची पुली असेल तर मोठ्या टप्प्याचा आणि छोट्या टप्प्याचा व्यास मोजून हिशेब तिथल्या तिथे करता येतो. वेग जास्त असेल तर मोटारीवरची पुली लहान करून उतरवता येतो. हा पहिल्या ढिगातला दोष.

पट्टा बदलण्यावरून एक गोष्ट सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. हेडस्टॉक दोन्ही बाजूंनी बंद असेल तर अखंड व्ही-पट्टा घालायला आख्खं स्पिंडल बाहेर काढावं लागतं. अशा लेथला कड्यांचा जोडपट्टा लावा, स्पिंडलला हात लावायला नको.

विजेचा प्रश्न बहुतेकांना अडवतो, आणि तो सुटणारा आहे. कारखान्यातला लेथ थ्री फेज, ४१५ व्होल्टचा. घरात सिंगल फेज, २३० व्होल्ट. दोन वाटा आहेत. मोटारच बदलून १ एचपीची सिंगल फेज मोटार बसवा. १० इंची वाडग्याला ती पुरते. किंवा मूळ मोटार ठेवून व्हीएफडी बसवा, जो घरच्या सिंगल फेजमधून थ्री फेज तयार करतो आणि वरून वेग कमी-जास्त करायची सोय देतो. यात एक खाच आहे. व्हीएफडी २३० व्होल्टचीच थ्री फेज देतो, आणि छोट्या मोटारी बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. मोटारीच्या डब्यात सहा टोकं बाहेर काढलेली असतील तर डेल्टामध्ये जोडून ती २४० व्होल्टवर चालते. तीनच टोकं असतील तर मोटार वाइंडिंगवाल्याकडे न्यावी लागेल. म्हणून डब्याचं झाकण उघडून टोकं मोजा. व्हीएफडी लावला तरी टप्प्यांची पुली काढून टाकू नका. वेग खाली आणताना ताकदही उतरते आणि मोटारीचा पंखा मंद झाल्यावर ती तापते. सिंगल फेज मोटारीला पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करतो म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

स्विच मात्र नवाच बसवा, आणि नो-व्होल्ट कॉइल असलेला बसवा. आपल्याकडे वीज जाते आणि न सांगता येते. साधं बटण असेल तर वीज आल्याबरोबर लेथ आपोआप सुरू होतो. त्या वेळी तुमचा हात चकमध्ये किल्ली फिरवत असू शकतो. नो-व्होल्ट स्टार्टर असेल तर पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. बंद करायचं लाल बटण फिरत्या लाकडासमोरून हात न नेता सापडेल अशा जागी हवं. अर्थिंग तपासल्याशिवाय पहिला चिपाडा काढू नका.

किमतीबद्दल आकडे देत नाही, कारण ते गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. एक रीत सांगतो. लेथचं वजन विचारा आणि त्या दिवशीचा बिडाच्या भंगाराचा भाव विचारा. त्या गुणाकाराच्या खाली विक्रेता उतरणार नाही. तिथून वर किती जायचं ते तपासणीत काय सापडलं त्यावर ठरवा. आणि लेथला जेवढे पैसे द्याल तेवढेच बाजूला ठेवून मगच सौदा करा. चांगल्या हाय स्पीड स्टीलच्या पटाश्या, पन्हळीच्या पात्याचे गोज, चक, धार लावायला ग्राइंडर, तोंडावरची पारदर्शक ढाल, हे सगळं नंतर घ्यावंच लागतं. बोथट हत्याराने चांगल्या लेथवरही लाकूड उपटलं जातं.

टेक्याच्या वरच्या कडेला खाचा पडलेल्या असतात, त्या कानशीने घासून निघतात. टेका नसेलच तर वेल्डरकडून करून घ्या. टेक्याची बैठकच हरवली असेल तर मात्र ती बिडात ओतून घ्यावी लागते. कोल्हापुरात हे अजून शक्य आहे, कारण लाकडी पॅटर्न करणारे थोडे हात शिल्लक आहेत.

नेताना घाई करू नका. मोटार आणि टेलस्टॉक आधी उतरवा, दोर नेहमी बेडला बांधा, स्पिंडलला कधीच नाही. दोर स्पिंडलला बांधून उचललेल्या लेथचं बेअरिंग घरी पोचेपर्यंत बिघडलेलं असतं. लेथ वरच्या बाजूने जड असतो, कलंडतो. मध्यम आकाराचा लेथ छोट्या हत्तीत येतो, पण उतरवायला चेन ब्लॉक आणि पाइपचे तीन-चार तुकडे आधीच तयार ठेवा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खालच्या शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्यावं आणि लेथखाली जाड रबर घालावं.

ऑनलाइन मिळणारे छोटे नवे लेथ घ्यावेत का, असं बरेच जण विचारतात. पेन, भोवरे, बुद्धिबळाच्या सोंगट्या करायच्या असतील तर जरूर घ्या. चन्नपट्टणसारखं लाखकाम शिकायचं असलं तरी चालेल. तिथे लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकवतात, घर्षणाने ती वितळून रंग चढतो आणि केवड्याच्या पानाने चमक आणतात. छोट्या खेळण्यांना वजनदार मशीन लागत नाही. पण वाडगी करायची असतील तर त्या लेथचं वजन कमी पडतं, आणि वेगाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळालं की गावात दुरुस्त करणारा सापडणं कठीण. ड्रिल मशीनला जोडायचे लेथ तर घेऊच नका.

लेथ घरी आल्यावर काही नियम घरच्या सर्वांना सांगा. पूर्ण बाही, ओढणी, सैल कुर्ता, गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र घालून लेथसमोर उभं राहायचं नाही. हातमोजे तर अजिबात नाहीत, ते बोट ओढून नेतात. केस बांधायचे. पहिल्यांदा चालू करताना लाकडाच्या रेषेत न थांबता बाजूला उभं राहायचं. पॉलिश पेपर मारताना नाकाला चांगला मास्क लावायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलंय. शिसवीची आणि सागाची धूळ तर अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला लगेच त्रास देते.

शेवटी माझी एक विनंती आहे, आणि ती घेणाऱ्यांपेक्षा देणाऱ्यांना आहे. ज्यांच्या फाउंड्रीतलं पॅटर्न शॉप बंद झालंय, ज्यांच्या वडिलांचा कातकामाचा कारखाना कुलपात आहे, ज्या शाळेच्या मागच्या खोलीत लाकूडकामाचा लेथ धूळ खात पडलाय, त्यांनी तो भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी गावात विचारावं. हातोड्याने एकदा बेड फोडला की ते बीड भट्टीत जातं आणि तसा लेथ पुन्हा कुणी ओतत नाही. जवळच्या आयटीआयच्या टर्नरच्या निदेशकाला कळवा, सुताराला कळवा, हौशी माणसाला कळवा. भंगाराचा भाव द्यायला, आणि त्यावर थोडं जास्तही द्यायला, माणसं तयार आहेत.